दप्तर कुणाच्या हातात? विद्यापीठांच्या डिजिटल नोंदी आणि आपण

(दिल्लीत शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांच्या बैठकीत, ७ नोव्हेंबरच्या विद्यार्थी दिवसानिमित्त केलेल्या भाषणाचा हा लिखित मजकूर. वक्त्या महाराष्ट्रातील एका सार्वजनिक विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून निवृत्त झाल्या आहेत.)



आजची तारीख आपल्याला एका रजिस्टरमुळे मिळाली आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं. रजिस्टरमधला क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. ती शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते. तिने ते रजिस्टर जपलं, म्हणून २०१७ साली महाराष्ट्र शासनाला हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून जाहीर करता आला.

ते पान वाळवीने खाल्लं असतं तरी बाबासाहेबांचं मोठेपण तसूभर कमी झालं नसतं. त्यांना ओळखायला जगाला रजिस्टर लागत नाही. तुम्हाआम्हाला मात्र लागतं. तुम्ही बी.ए. झालात हे तुमच्या आईला माहीत असतं, गावातल्या मास्तरांना माहीत असतं. पण नोकरी देणारा, पुढचा प्रवेश देणारा, शिष्यवृत्ती देणारा त्यांना विचारायला येत नाही. तो कागद मागतो. ज्याच्या घरात तीन पिढ्या पदवीधर आहेत, त्याचा एखादा कागद हरवला तर काका, मामा, ओळखीचे प्राध्यापक धावून येतात. ज्याच्या घरात तो स्वतःच पहिला पदवीधर आहे, त्याच्यासाठी तो कागद हीच त्याची ओळख आणि तीच त्याची शिफारस. म्हणून विद्यापीठं आपल्या नोंदी कशा ठेवतात हा विषय मला तुमच्यापुढे मांडायचा आहे. विषय रुक्ष वाटेल, पण आपल्यापैकी कित्येकांचं एकेक वर्ष या रुक्ष विषयात गेलेलं आहे.

नोंद ठेवणं ही सत्ता आहे, हे आपल्या लोकांना फार आधी कळलं होतं. गावात जमीन कुणाच्या नावावर, सारा किती भरला, किती थकला, हे सगळं कुलकर्ण्याच्या दप्तरात असायचं. ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावापुढे काय लिहिलंय हे त्याला कळायचं नाही. जोतिरावांनी शेतकऱ्याच्या लुबाडणुकीबद्दल लिहिताना ही लेखणी नेमकी दाखवली. दीनमित्रकार मुकुंदराव पाटलांनी 'कुळकर्णी लीलामृत' याच विषयावर लिहिलं. शाहू महाराजांनी १९१८ साली कोल्हापूर संस्थानात कुलकर्णी वतनं खालसा केली, पगारी तलाठी नेमले आणि अस्पृश्य मानलेल्या समाजातल्या तरुणांनाही त्या कामावर घेतलं. महाराजांना वही बदलायची नव्हती. वही कोण लिहितो आणि तो कुणाला जबाबदार असतो, हे त्यांना बदलायचं होतं. आज विद्यापीठाचं दप्तर संगणकात चाललं आहे, तेव्हा आपण विचारायचे प्रश्न हेच आहेत.

आता माझ्याबद्दल थोडं. मी घरातली पहिली पदवीधर. बॅकलॉगच्या जाहिरातीतून विद्यापीठात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि नोकरीची बहुतेक वर्षं परीक्षा विभागातच काढली. आमच्याकडे निकालाची लेजरं असायची. जाड बाइंडिंगची, एकेक उचलायला दोन हात लागायचे. प्रत्येक विद्यार्थ्याची एक ओळ: आसन क्रमांक, नाव, विषयवार गुण, बेरीज, निकाल. दुरुस्ती केली तर लाल शाईने, शेजारी सही. कुणी दुय्यम गुणपत्रिका मागायला आलं की वर्ष, परीक्षा आणि आसन क्रमांक घेऊन लेजर काढायचं. आसन क्रमांक आठवत नसेल तर पानं उलटत बसायचं.

मी कागदाची भक्त नाही, हे आधीच सांगते. कागदाच्या जमान्यात काय चालायचं ते मी खिडकीच्या आतून पाहिलं आहे. पहाटेच्या एसटीने निघालेला मुलगा अकरा वाजता खिडकीशी पोहोचायचा. त्याला सांगितलं जायचं, साहेब मीटिंगमध्ये आहेत, उद्या या. उद्या यायचं म्हणजे त्याच्या बापाची आणखी एका दिवसाची मजुरी भाड्यात घालायची. त्याच वेळी कुणा प्राध्यापकाचा भाचा चिठ्ठी घेऊन मागच्या दाराने आत यायचा, चहा घ्यायचा आणि तासाभरात कागद घेऊन जायचा. नियम दोघांना एकच होता. आडनाव विचारून किती वेळ बसवायचं हे ठरवणारे लोकही मी पाहिले आहेत. म्हणून जेव्हा संगणक आला, ऑनलाइन अर्ज आले, तेव्हा मला बरं वाटलं. यंत्र आडनाव विचारणार नाही, अशी माझी समजूत होती. ती अर्धी खरी निघाली. उरलेल्या अर्ध्याबद्दल मला आज जास्त बोलायचं आहे.

आधी जे चांगलं झालं ते सांगते. देशातल्या सगळ्या पदव्या आणि गुणपत्रिका एका ठिकाणी डिजिटल स्वरूपात ठेवण्यासाठी नॅशनल अकॅडेमिक डिपॉझिटरी उभारायला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०१६ मध्ये मंजुरी दिली. जुलै २०१७ मध्ये तिचं उद्घाटन झालं. सुरुवातीला हे काम शेअर बाजाराच्या दोन डिपॉझिटरींच्या कंपन्यांकडे होतं, पुढे ते डिजिलॉकरकडे आलं. २०२१ मध्ये यूजीसीने अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचे नियम आणले. त्यात तुमची श्रेयांकं जमा होतात आणि जास्तीत जास्त सात वर्षं वापरता येतात. त्यानंतर अपार क्रमांक आला. दिल्ली विद्यापीठात तयार झालेली समर्थ नावाची प्रणाली आज देशातली अनेक विद्यापीठं प्रवेशापासून परीक्षेपर्यंत वापरतात.

याचा फायदा कुणाला? तुम्ही बसलात त्याच शहरातलं उदाहरण घ्या. दिल्ली विद्यापीठातून उत्तीर्ण होऊन काही वर्षं झालेल्या डॉक्टरांना पदवी प्रमाणपत्रच मिळालेलं नव्हतं. परदेशात पुढची संधी दारात, आणि हातात पदवी नाही. २०२० मध्ये ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने विद्यापीठाला धारेवर धरलं आणि डिजिटल पदव्या देण्याची व्यवस्था करायला लावली. पुढच्याच दीक्षांत समारंभात, फेब्रुवारी २०२१ मध्ये, विद्यापीठाने एक लाख ७८ हजारांहून अधिक डिजिटल पदव्या दिल्या. म्हणजे ठरवलं तर होतं. आणि हेही लक्षात घ्या की ते होण्यासाठी न्यायालयात जाऊ शकणारे डॉक्टर लागले. मराठवाड्यातल्या किंवा बिहारमधल्या बी.ए.च्या मुलाची पदवी अडली असती तर तो उच्च न्यायालयाची पायरी कशी चढला असता?

तुमच्यासारख्या राज्य सोडून आलेल्या मुलांना हा फायदा जास्त आहे. स्थलांतर प्रमाणपत्र, तात्पुरती पदवी, एकत्रित गुणपत्रिका, यातलं एकेक आणायला आधी दिल्लीहून गावी जावं लागायचं. आज यातलं बरंच काही फोनवर उघडतं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण मुलं यात फसतात. डिजिलॉकरमध्ये दोन प्रकारचे कागद असतात. एक, विद्यापीठाने किंवा मंडळाने स्वतः जारी केलेला. दोन, तुम्ही फोटो काढून चढवलेला. डिजिटल लॉकरच्या २०१६ च्या नियमांत पुढच्या वर्षी दुरुस्ती झाली आणि जारी केलेला कागद मूळ कागदाइतकाच ग्राह्य ठरला. तुम्ही चढवलेल्या फोटोला तो दर्जा नाही. जारी केलेला कागद कुणी नाकारला तर त्या नियमाचा उल्लेख करून लेखी विचारा.

आता दुसरी बाजू. मुंबई विद्यापीठाचं २०१७ सालचं प्रकरण तुमच्यातल्या काहींच्या मोठ्या भावाबहिणींनी भोगलं असेल. उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासण्याची पद्धत त्या वर्षी एकदम, सगळ्या शाखांना लागू केली. सतरा लाखांहून अधिक उत्तरपत्रिका होत्या. प्राध्यापकांना पुरेसा सराव नव्हता, यंत्रणा वारंवार बंद पडत होती. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ सांगतो की निकाल तीस दिवसांत आणि काही झालं तरी पंचेचाळीस दिवसांत लागला पाहिजे. इथे कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदतही टळली आणि निकाल सप्टेंबरपर्यंत लांबले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. पण ज्या मुलांचे पुढचे प्रवेश हुकले त्यांचं वर्ष कुणी परत दिलं नाही. श्रीमंत घरातला मुलगा एक वर्ष थांबतो, क्लास लावतो, पुन्हा अर्ज करतो. आपल्या घरात एक वर्ष थांबणं म्हणजे मुलीचं लग्न उरकणं किंवा मुलाने कंपनीत कामाला लागणं. नवीन यंत्रणा घाईने आणल्याची किंमत सगळे सारखी मोजत नाहीत.

म्हणून कोणतंही विद्यापीठ नवी प्रणाली आणत असेल, तेव्हा विद्यार्थी प्रतिनिधींनी पहिला प्रश्न हा विचारावा: आधी एका शाखेत चालवून पाहिली का? बंद पडली तर पर्यायी व्यवस्था काय? आमच्या कायद्यात विद्यापीठासाठी माहिती तंत्रज्ञान मंडळ आहे. त्याची बैठक कधी झाली, त्यात काय ठरलं, हे विचारण्याचा अधिकार तुम्हाला आहे.

पण मोठे घोटाळे वर्तमानपत्रात तरी येतात. माझ्या खिडकीवर रोज जी माणसं आली, त्यांचं दुखणं लहान होतं आणि कुठेच छापून आलं नाही. ते दुखणं म्हणजे नाव.

आपली नावं कशी नोंदली गेली ते आठवा. सहाव्या वर्षी मास्तरांनी कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं. वाघमारे हे रोमन लिपीत व्ही लावून लिहायचं की डब्ल्यू, हे कुणी आपल्या आईला विचारलं नाही. जन्मतारीख बहुधा एक जून. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी, कधी वडिलांचं नाव गायब. जातीच्या दाखल्यावर आजोबांच्या कागदाप्रमाणे तिसरंच स्पेलिंग. काही घरांनी जातीची खूण नको म्हणून आडनाव बदललं. मुलीचं लग्न झालं की सासरचं नाव लागतं. जुना लिपिक निदान समोरच्या माणसाकडे बघायचा, शाळेचा दाखला लावून बघायचा आणि म्हणायचा, आहे बाबा, हाच तो. मनात असेल तर. संगणकाला मन नाही. त्याला एकेक अक्षर जुळलेलं लागतं. जुळलं नाही की पडद्यावर लाल ओळ येते, आणि ती का आली हे बऱ्याचदा खिडकीतल्या माणसालाही माहीत नसतं.

माझ्याकडे एक मुलगी आली होती. तीन वर्षं प्रथम श्रेणी. पदवीवर एक अक्षर जास्त पडलं होतं. डेटा एंट्री करणाऱ्याची चूक, विद्यापीठाची चूक. दुरुस्तीसाठी मात्र तिलाच प्रतिज्ञापत्र करायला लावलं, तिलाच शुल्क भरायला लावलं, तिलाच दोनदा फेऱ्या मारायला लावल्या. मी फाइलवर टिपण लिहिलं की चूक कार्यालयाची आहे, शुल्क घेऊ नये. टिपण परत आलं, नियमात तरतूद नाही म्हणून. तिने पैसे भरले. आजही बहुतेक ठिकाणी हेच चालतं. चूक कुणाचीही असो, दुरुस्तीचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी. आणि ज्या घरांत कागदपत्रांची सवय नाही, त्याच घरांच्या नोंदींत चुका जास्त, म्हणून हा दंडही त्यांनाच जास्त.

आपली मागणी साधी आहे. नोंद संगणकात कायम होण्याआधी ती विद्यार्थ्याला दाखवा, त्याच्या भाषेत दाखवा, दुरुस्तीला मुदत द्या. कार्यालयाची चूक असेल तर दुरुस्ती मोफत आणि ठरलेल्या दिवसांत. याला फार मोठं तंत्रज्ञान लागत नाही. एक पडदा आणि एक आदेश लागतो.

दुसरं दुखणं आहे 'निकाल राखीव'. पूर्वी कॉलेज तुमची मूळ कागदपत्रं कपाटात अडकवून ठेवायचं. शिष्यवृत्तीचे पैसे सरकारकडून आले नाहीत, तुम्ही भरा, मगच टीसी. यूजीसीने ऑक्टोबर २०१८ मध्ये अधिसूचना काढून मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायला मनाई केली. आता कपाटाची गरजच उरली नाही. संगणकात एका चौकटीत टिचकी मारली की निकाल दिसेनासा होतो, परीक्षा अर्ज उघडत नाही, हॉलतिकीट निघत नाही. कपाट निदान दिसायचं, त्याच्यासमोर धरणं धरता यायचं. ही टिचकी कुणी मारली, कधी मारली, कुणाच्या आदेशाने मारली, हे विद्यार्थ्याला दिसत नाही. हेल्पलाइनला फोन केला तर कंपनी म्हणते विद्यापीठाला विचारा, विद्यापीठ म्हणतं सिस्टीम घेत नाही. 'सिस्टीम घेत नाही' हे आजचं 'साहेब जेवायला गेलेत' आहे.

मी आतली असल्याने सांगते, प्रत्येक बऱ्या प्रणालीत कुणी कोणत्या वेळी काय बदललं याची नोंद आपोआप होते. लेजरमधली लाल शाई आणि सही तिथेही असते, फक्त ती तुम्हाला दाखवली जात नाही. ती मागा. अर्ज अडला असेल तर कारण, आदेश देणारा अधिकारी आणि तारीख लेखी मागा.

शिष्यवृत्तीचंही तसंच. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालत आलेली आहे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने तिची रचना बदलली. साठ टक्के वाटा केंद्राचा, चाळीस राज्याचा, आणि केंद्राचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात. थेट खात्यात येणं चांगलंच, मधले हात कमी झाले. पण खातं आधारशी जोडलेलं नसेल, नाव जुळत नसेल, कॉलेजच्या लॉगिनवरून अर्ज पुढे पाठवलाच नसेल, तर पैसा येत नाही आणि दोष कुणाचा ते ठरत नाही. पैसा उशिरा येणं ही लहान गोष्ट नाही, हे आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही. रोहित वेमुलाच्या शेवटच्या पत्रात सात महिन्यांच्या थकलेल्या फेलोशिपचा हिशोब आहे, एक लाख ७५ हजार रुपये. तो गेल्यानंतर त्याची फेलोशिप का थकली यावर जेवढी चौकशी झाली, त्याहून कितीतरी जास्त त्याच्या जातीच्या दाखल्याची झाली. आपल्या नोंदी कुणाला कधी आठवतात, हे यातून कळतं.

यावरून जातीच्या नोंदीकडे येते. आरक्षण हवं तर प्रवर्गाची नोंद हवी, यात वाद नाही. नोंदच नको म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, कारण नोंद नसेल तर आपण किती आहोत आणि किती गळालो हेही कळणार नाही. पण नोंद असणं वेगळं आणि ती सगळ्यांना दिसणं वेगळं. विभागातल्या शिपायापासून प्रात्यक्षिक घेणाऱ्या परीक्षकापर्यंत प्रत्येकाच्या यादीत तुमच्या नावापुढे प्रवर्ग छापायची काय गरज आहे? तोंडी परीक्षा घेणाऱ्याला तुमचा आसन क्रमांक पुरतो. कागदावर यादी वेगळी काढायला कष्ट होते, संगणकात तो रकाना झाकायला एक मिनिट लागतं. यूजीसीने सप्टेंबर २०२३ मध्ये पदवीवर आधार क्रमांक छापू नका असं विद्यापीठांना कळवलं. जो न्याय आधारला, तोच प्रवर्गाच्या रकान्याला लावा, एवढंच आपण म्हणतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने स्वतःबद्दलची चुकीची माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्कही मान्य केला आहे.

आणि आता मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. विद्यार्थ्याचं सगळं ऑनलाइन झालं. जात, उत्पन्न, आधार, बँक, हजेरी, गुण, फोटो. विद्यापीठाला तुम्ही आरपार दिसता. विद्यापीठ तुम्हाला किती दिसतं? बिंदुनामावली कुठे आहे? कोणत्या विभागात कोणता बिंदू कुणासाठी राखीव, तो कधीपासून रिकामा, हे सांगणारं रजिस्टर. महाराष्ट्रात ते मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावं लागतं. पण किती विद्यापीठांच्या संकेतस्थळावर ते एका टिचकीत सापडतं, तुम्हीच बघा.

या रजिस्टरचं महत्त्व २०१७ ते २०१९ या काळात देशाने पाहिलं. अलाहाबाद उच्च न्यायालयाने विद्यापीठाऐवजी विभाग हा घटक धरायला सांगितलं. ५ मार्च २०१८ ला यूजीसीने तसा आदेश काढला. तेरा बिंदूंचं रोस्टर आलं. लहान विभागात दोनतीनच जागा असतात, तिथे अनुसूचित जातीजमातींचा बिंदू यायलाच कित्येक वर्षं लागणार. देशभर आंदोलन झालं, त्यात या शहरातले विद्यार्थी आणि प्राध्यापक रस्त्यावर होते. शेवटी २०१९ मध्ये केंद्रीय शैक्षणिक संस्थांमधल्या शिक्षक संवर्गाच्या आरक्षणाचा कायदा आला आणि पूर्ण संस्था हा घटक पुन्हा मान्य झाला. कुठली ओळ कुठल्या रजिस्टरमध्ये मोजायची, एवढाच तांत्रिक प्रश्न होता तो. त्यात हजारो जागा जात होत्या.

माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सांगतं की प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपले अभिलेख सूचीबद्ध ठेवावेत आणि संगणकीकृत करण्याजोगे सगळे अभिलेख वाजवी मुदतीत संगणकीकृत करावेत. कलमात फक्त विद्यार्थ्यांचे अभिलेख असं लिहिलेलं नाही. बिंदुनामावली, शिष्यवृत्तीची मिळालेली आणि वाटलेली रक्कम, पीएच.डी.च्या प्रवर्गवार जागा, तक्रार निवारणाच्या निर्णयांच्या तारखा, हेही अभिलेखच आहेत. डिजिटल विद्यापीठ म्हणायचं असेल तर आधी हे चढवा.

दप्तर लिहिणाऱ्या हातांबद्दलही बोललं पाहिजे. आमच्या विभागात जुनी लेजरं स्कॅन करायला कंत्राटी मुलं-मुली आली. बहुतेक आपल्याच वस्त्यांतली, पदवीधर, पानामागे मजुरी. त्यांना लेजर वाचायला कुणी शिकवलं नव्हतं. कृपागुणांची खूण काय, रद्द झालेली ओळ कोणती, हे माहीत नसताना ती टंकत होती, आणि चुकली तर शिव्या तीच खात होती. मी जेवणाच्या सुट्टीत त्यांना खुणा समजावून सांगायला लागले, तेव्हा चुका कमी झाल्या. ज्या कायम पदावर मी आरक्षणातून लागले, ते पद भरलं गेलं नाही. तिथे कंत्राट आलं, आणि कंत्राटाला बिंदुनामावली नसते. काम डिजिटल झालं म्हणून जागा संपल्या असं सांगितलं जातं. काम संपलेलं नाही, ते कमी पैशात बाहेर गेलं आहे. शिवाय कंपनी बदलली की जुना डेटा कुणाचा, तो परत कोणत्या स्वरूपात मिळणार, हे करारात लिहिलेलं नसेल तर विद्यापीठाची कित्येक वर्षांची स्मृती एका ठेकेदाराकडे ओलीस राहते.

मग आपण करायचं काय? तुम्ही शिकलेली माणसं आहात, कामाचंच सांगते.

दहावीचं प्रमाणपत्र पाया धरा. आधार, बँक खातं, जातीचा दाखला यांतलं नाव आजच त्याच्याशी ताडून बघा. शेवटच्या वर्षाच्या अर्जाची वाट बघू नका. घरी धाकटी भावंडं असतील तर त्यांचं शाळेतलं नाव दहावीचा अर्ज भरण्याआधी तपासा. तिथे दुरुस्ती सोपी असते.

कागद फेकू नका. डिजिलॉकरमध्ये आलं तरी मूळ गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत, गावी आणि तुमच्याकडे एकेक प्रत ठेवा. ऑनलाइन अर्ज केला की शेवटच्या पानाचा फोटो काढा. ऑफलाइन अर्ज दिला तर आवक क्रमांकासह पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. 'ठेवून जा' म्हणणाऱ्याला नम्रपणे सांगा, पोच द्या.

कमी गुणांची शंका असेल तर उत्तरपत्रिका बघा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे की परीक्षार्थीला तपासलेली स्वतःची उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहता येते. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तेही नाहीत. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील करा. आणि लवकर करा, कारण ठरावीक मुदतीनंतर उत्तरपत्रिका नष्ट केल्या जातात.

बिंदुनामावली मागताना नावं मागू नका. बिंदू क्रमांक, प्रवर्ग, भरलेला की रिक्त आणि रिक्त असल्याची तारीख, एवढंच मागा. २०२३ च्या कायद्याने माहिती अधिकारातल्या वैयक्तिक माहितीच्या कलमात बदल केला आहे. त्याची ढाल पुढे करून कुणी नकार देऊ शकणार नाही असा अर्ज लिहा.

आणि शेवटचं. तुमच्यातले किती जण संगणकशास्त्र शिकताहेत, किती जण ग्रंथालयशास्त्र, किती जण कायदा? विद्यापीठाच्या परीक्षा विभागातली नोकरी कुणाला आकर्षक वाटत नाही, मला माहीत आहे. पण सहायक कुलसचिव, परीक्षा नियंत्रक, प्रणाली प्रशासक या पदांच्या जाहिरातींकडे लक्ष ठेवा आणि अर्ज करा. विद्यार्थी परिषदेत गेलात तर सांस्कृतिक कार्यक्रमांच्या समितीपेक्षा परीक्षा आणि माहिती तंत्रज्ञानाच्या समितीवर जागा मागा. नियम कसा लिहायचा, रकाना कुणाला दाखवायचा, चुकीचा दंड कुणी भरायचा, हे त्या टेबलावर ठरतं. तिथे आपलं माणूस बसलेलं असेल तर पहाटेच्या एसटीने आलेल्या मुलाचं काम अकरा वाजता होईल. निदान त्याला घरातून निघण्याआधी फोनवर कळेल की फेरी मारायची गरज नाही.

बैठक संपल्यावर मी इथेच आहे. ज्यांचं नाव जुळत नाही, निकाल अडलाय, शिष्यवृत्ती आली नाही, त्यांनी कागद घेऊन या. आपण एकेकाचा अर्ज इथेच लिहू.

जय भीम.